महाजनांचं पिस्तूल आणि माझी सही

मंडळाच्या अंकासाठी माझ्याकडून लेख मागणारा माणूस एक तर फार मोठ्या मनाचा असणार, नाहीतर त्याचे बाकीचे सगळे लेखक आजारी पडले असणार. माझं शिक्षण चौथी. तीही दोनदा. म्हणून हा लेख मी ओट्याजवळ उभा राहून बोलतोय आणि आमची बायको वैशाली तो टाइप करतेय. ती इथल्या विद्यापीठात दुधातल्या जंतूंवर संशोधन करते. तिच्यामागून मी या देशात आलो, सामानासारखा. वाचताना कुठं भाषा शुद्ध वाटली तर तो तिचा हात समजा. आणि कुठं मी शहाणा वाटलो तर ती टायपिंगची चूक.

आधी धंदा सांगतो. युट्रेख्टच्या बाहेर, जिथं गोदामं आणि टायरवाले आहेत, तिथं एका इमारतीच्या तळघरात पिस्तुलाच्या नेमबाजीचा क्लब आहे. सहा लांबट गल्ल्या, पलीकडं कागदाचं लक्ष्य, त्याच्यामागं गोळ्या गिळणारी भिंत. लोक कामावरून सुटतात, सायकलवर येतात, कानाला आवाज अडवायचे मफ लावतात, तासभर ठो ठो करतात आणि कॉफी पिऊन घरी जातात. आपल्याकडं लोक भजनाला जातात ना, तसं. तिथं मी नऊ वर्षं होतो. माझ्या हुद्द्याला डच भाषेत आगगाडीएवढं लांब नाव आहे. त्याचा अर्थ झाडूवाला. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, लक्ष्याचे कागद बदलायचे, शिशाची धूळ ओल्या फडक्यानं पुसायची आणि पाहुण्यांना वापरायला देतात ती क्लबची आठ पिस्तुलं उघडून, ब्रश मारून, तेल देऊन कपाटात ठेवायची. एवढंच.

नोकरीला घेताना क्लबचा हत्यारांचा कारभारी हेंक यानं विचारलं, "हत्यारांचा अनुभव?"

मी म्हटलं, "बारा वर्षं."

खोटं नव्हतं. आमच्या वडिलांचा सांगली भागातल्या जत्रांत फुगे फोडायचा स्टॉल होता. बंदुकीचं सगळं खातं माझ्याकडं. त्या बंदुकीनं नीट नेम धरला की फुगा कधीच फुटायचा नाही, कारण पुढची नेमाची माशी मी स्वतः पक्कडीनं वाकडी करून ठेवायचो. हे हेंकला सांगितलं आणि मनात म्हटलं, गेली नोकरी. तो म्हणाला, "म्हणजे सरळ कशाला म्हणतात ते तुला माहीत आहे." घेतलं.

हेंक मला 'डाटा' म्हणायचा. माझं नाव दत्ता. या देशातल्या समस्त मराठी माणसांत डाटाशी काडीचा संबंध नसलेला मी एकटा, आणि नाव मलाच मिळालं.

आता माझी पहिली चूक. गणपतीच्या कार्यक्रमात सगळे एकमेकांना विचारतात, तुम्ही कशात? कोण क्लाउडमध्ये, कोण बँकिंगमध्ये. मला कोणी विचारलं की मी उकडीच्या मोदकाकडं बघत म्हणायचो, "शूटिंग क्लबात. वेपन्स बघतो." बघतच होतो की. पुसताना बघावंच लागतं. पण दोन वर्षांत त्याचं असं झालं की मी आधी मिलिटरीत होतो, मग कमांडो होतो, आणि एका वहिनींनी तर मला हळूच विचारलं की तुम्हाला त्याबद्दल बोलायची परवानगी नाही ना? मी म्हटलं, "नाही." तेही खरंच होतं. वैशालीनं बोलू नका म्हणून बजावलं होतं.

मग करोना आला. क्लब बंद. मी मंगळवारी जायचो, पंखे चालवायला आणि पिस्तुलांना तेल द्यायला. मी टेबलाच्या एका टोकाला, हेंक दुसऱ्या टोकाला, मध्ये दीड मीटर आणि तेलाची बाटली. सुपरमार्केटात संडासचे कागद संपले आणि माझा फोन सुरू झाला. ग्रोनिंगनहून एका विद्यार्थ्यानं विचारलं, काका, गच्चीवरच्या समुद्रपक्ष्यांसाठी काही मिळेल का? ते त्याची पोळी पळवतात. एकानं विचारलं, सायकलचोर दिसला तर पायावर मारलेलं चालतं का? मी म्हटलं, तुमच्या पायावर चालेल.

पण महाजनांचा फोन वेगळा होता.

महाजन म्हणजे चिंचवडचे, आयटीतले, राहायला बुइटनव्हेल्डर्ट नावाच्या वस्तीत, तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये. चाळिशीचा माणूस, सभ्य इतका की दाराला धडकला तरी दाराला सॉरी म्हणेल.

"सर, बोलू शकतो का? जरा सेन्सिटिव्ह आहे."

मला आयुष्यात 'सर' म्हणणारा हा पहिलाच. मी उभा राहिलो.

"बोला की."

"मला एक रिलायबल पिस्तूल सजेस्ट करा. मेनली होम डिफेन्ससाठी. आणि जमलं तर कन्सील्ड कॅरी."

"म्हणजे?"

"म्हणजे जॅकेटच्या आत लपवून फिरता येईल असं."

"कुठं फिरणार साहेब? सगळं बंद आहे."

मग ते म्हणाले, "सुपरमार्केटला."

मी हसलो. ते हसले नाहीत. सांगायला लागले. एका दुपारी ते सासऱ्यांना सोबतीला घेऊन ऑफिसची मशिनं बंद करायला गेले होते. घरी बायको ऋजुता आणि नऊ वर्षांची मुलगी. बागेकडच्या दाराची कडी बाहेरून कोणीतरी हलवली. ऋजुता मुलीला घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसली आणि तिथून फोन केला. माणूस निघून गेला. पोलीस आले, सगळं सौजन्यानं लिहून घेतलं आणि गेले. तेव्हापासून महाजनांनी कामाचं टेबल त्या दारासमोर आणून ठेवलं होतं. दिवसभर मीटिंगमध्ये बोलायचे आणि डोळे दारावर. "सर, टीमला वाटतं मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही," म्हणाले, आणि आवाज एकदम बारीक झाला.

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. तुम्हालाही सांगतो. या देशात घराच्या राखणीसाठी पिस्तूल मिळत नाही. लपवून फिरायला तर नाहीच नाही. परवाना मिळतो तो खेळासाठी. आधी चांगल्या वर्तणुकीचा दाखला, मग वर्षभर क्लबात येऊन ठरलेल्या वेळा नेमबाजी, मग पोलीस कागद बघणार, घरी येऊन तिजोरी बघणार. पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. आणि कशासाठी हवंय म्हटल्यावर 'चोरासाठी' म्हणालात की फाईल बंद.

इथं थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण त्यांनी परत एकदा "हो सर" म्हटलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "तरी बघू, काहीतरी करू आपण."

आपल्या लोकांना हे वाक्य येतंच. लग्न जमवायचं असो, गॅसचा नंबर लावायचा असो, नाही म्हणायची लाज वाटली की आपण म्हणतो, बघू, काहीतरी करू. ऐकणारा समजतो, झालं काम.

पुढचे दोन महिने महाजन रोज फोन करायचे. त्यांनी एक्सेल केली होती. एकोणीस पिस्तुलं, बावीस रकाने. वजन, लांबी, चापाला किती जोर लागतो, मॅगझिनमध्ये किती गोळ्या बसतात. सगळं अमेरिकेतले व्हिडिओ बघून.

"सर, सगळ्यात विश्वासू कुठलं?"

आता याचं उत्तर मला खरंच येतं. नऊ वर्षांत तेवढं तरी शिकलो. विश्वासू पिस्तूल म्हणजे चाप ओढला की उडालं पाहिजे आणि नाही ओढला तर नाही उडालं पाहिजे. दुसरं पहिल्यापेक्षा मोठं. चांगल्या कारखान्याचं आणि नीट ठेवलेलं कुठलंही घ्या, ते आपलं काम करतं. फरक हातात असतो. छोटं पिस्तूल लपवायला बरं, पण उडवलं की हातात मासळीसारखं उड्या मारतं. मोठं शांत असतं, पण मूठ हाताला बसली पाहिजे. आमच्या क्लबात टिनी नावाच्या म्हातारबाई यायच्या, बोटं संधिवातानं वाकलेली. त्यांनी पिस्तूल कसं निवडलं? डोळे मिटून पाच पिस्तुलं हातात घेतली आणि ज्याचा वरचा सरकता भाग त्यांना स्वतःला मागं ओढता आला, ते घेतलं. कुठल्या देशाचं ते नंतर विचारलं. सगळ्या क्लबात नेम त्यांचा. लक्ष्याचा कागद बदलायला मी गेलो की म्हणायच्या, राहू दे, एकच भोक आहे.

हे मी महाजनांना सांगितलं. त्यांनी तेविसावा रकाना केला: 'टिनी टेस्ट'.

उन्हाळ्यात क्लब उघडला. महाजन पाहुणे म्हणून यायला लागले. पहिल्या दिवशी मास्क, चष्मा, त्यावर क्लबचा चष्मा, त्यावर कानाचा मफ. चेहऱ्याचा उघडा भाग म्हणजे कपाळ, आणि त्यालाही घाम. हेंक एकेक गोळी भरून द्यायचा. हळूहळू पाच द्यायला लागला. नेम वाईट नव्हता. पण गोळी उडाली की ते दर वेळी मागं वळून दाराकडं बघायचे. हेंकनं मला दोनदा विचारलं, "तुझा मित्र कोणाची वाट बघतो?"

मी म्हटलं, "बायको घ्यायला येणार असेल."

आता खंडेनवमीचं सांगतो. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा चुकली नाही. वडील जत्रेच्या बंदुकीला हार घालायचे आणि त्या दिवशी माशी सरळ करायचे, देवाच्या दिवशी फसवायचं नाही म्हणून. इथं आठ वर्षं मी घरातच पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर पुजत होतो. पण ते करोनाचं वर्ष. गावाकडून रोज कोण ना कोण गेल्याचे फोन. मला वाटलं, या वर्षी तरी नीट करू. किल्ली माझ्याकडं होतीच. सकाळी क्लबात गेलो, टेबलावर पांढरं फडकं घातलं, आठही पिस्तुलं मांडली. आमच्या क्लबाचा नियम असा की पिस्तूल टेबलावर ठेवायचं ते उघडं, आत गोळी नाही हे लांबून दिसलं पाहिजे. मी नियमाचा पक्का. आठही उघडी ठेवली, झेंडू नव्हता म्हणून शेजारच्या बागेतलं कसलंतरी पिवळं फूल, हळद, कुंकू, आणि वरून अक्षता. चांगल्या सढळ हातानं. मग वरून पुसून कपाटात ठेवली.

वरून.

त्या शनिवारी महाजन आले. मी त्यांना म्हटलं, आज हे घ्या, क्लबातलं सगळ्यात विश्वासू, नऊ वर्षांत एकदा अडकलेलं बघितलं नाही. हेंक शेजारच्या गल्लीत एका निवृत्त पोस्टमनला काही दाखवत होता. महाजनांनी पहिली गोळी मारली. ठो. दुसरी. नुसतं काहीतरी कचकन झालं आणि सरकता भाग अर्ध्यात थांबला.

अशा वेळी काय करायचं ते पहिल्या दिवशी शिकवतात. पिस्तूल लक्ष्याकडंच ठेवायचं, बोट चापावरून काढायचं, दुसरा हात वर करायचा. महाजन पिस्तुलासकट गर्रकन मागं वळले.

"सर, हे अडकलं!"

पोस्टमन आडवा झाला. पन्नास वर्षं कुत्र्यांपासून पळालेला माणूस, चपळ होता. मी पुंगळ्यांच्या डब्यामागं लपलो. तो डबा गुडघ्याएवढा आहे. म्हणजे माझं डोकं सुरक्षित आणि बाकी मी सगळा उघड्यावर. कमांडोची ही अवस्था. हेंक मात्र बाजूनं दोन पावलं आला, महाजनांचं मनगट धरलं आणि दार लोटावं तसं हळूच भिंतीकडं वळवलं. "पुढं," तो म्हणाला. "पुढं बघायचं. मागं कोणी नाही."

मग त्यानं पिस्तूल रिकामं केलं, उघडलं आणि चिमट्यानं आतून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं.

"डाटा. हा तांदूळ आहे."

"हो."

"लाल आहे."

"कुंकू."

"माझ्या पिस्तुलात जेवण का आहे?"

मी सांगितलं. वर्षातून एक दिवस आम्ही हत्यारांचे आभार मानतो, ज्यानं पोट भरतं त्याच्या पाया पडतो. माझ्या डचमध्ये ते कसं पोचलं देव जाणे. हेंकनं सगळं ऐकून घेतलं. मग कोपऱ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "आणि झाडूची केलीस का?"

नव्हती केली हो. नऊ वर्षं ज्यानं पोट भरलं तो कोपऱ्यात उभा, आणि मी आठ पिस्तुलांना फुलं वाहत बसलो.

आठही उघडली. एका माणसाच्या नैवेद्याला पुरेल एवढा तांदूळ निघाला. माझी नोकरी वाचली, कारण हेंकच्या मते चूक लपवणारा वाईट, आणि मी तर चुकीला कुंकू लावून ठेवलं होतं. पण त्यानं महाजनांचा सभासदत्वाचा कागद माझ्यासमोर ठेवला. आमच्या क्लबात नवीन माणूस घ्यायचा तर ओळखीच्या एकानं लिहून द्यावं लागतं की हा माणूस शांत डोक्याचा आहे आणि खेळासाठी येतोय.

"पिस्तूल कुठलंही अडकतं," हेंक म्हणाला. "अडकल्यावर माणूस काय करतो ते मी बघतो. मी त्याला ओळखत नाही. तू ओळखतोस. तुझी सही असेल तर मी घेतो."

माझ्या सहीवर कोणी काही घेतो म्हणाला, हे पण पहिल्यांदाच.

संध्याकाळी महाजनांचा फोन. मला वाटलं, बिचारे हादरले असतील.

"सर, ते मॉडेल मी रिजेक्ट केलंय. एक्सेलमध्ये लाल केलं."

तांदूळ माझा होता, पिस्तूल निर्दोष आहे, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, मी राहू दिलं. त्यांनी रविवारी जेवायला बोलावलं, सही पण होऊन जाईल म्हणून.

वैशालीनं विचारलं, "तो खेळायला येतो का?"

"नाही."

"कागदावर काय लिहिलंय?"

"खेळायला येतो."

"शांत डोक्याचा आहे?"

"जेवताना असतो."

"मग सही कसली करताय? सही म्हणजे काय मिसळीवरची शेव आहे का, दिसेल त्यावर टाकायला?"

मी म्हटलं, "अगं, त्यांच्या पोरीबाळींचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणतेय," ती म्हणाली आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

रविवारी गेलो. घरात महाजन, ऋजुता आणि तिचे वडील आप्पा. आप्पा साताऱ्याचे, बँकेतून निवृत्त, लेकीकडं तीन महिन्यांसाठी आले होते. आधी विमानं बंद म्हणून अडकले, मग विमानं सुरू झाली तर विमानात करोना असतो म्हणून अडकले. मुलगी मैत्रिणीकडं गेली होती. ऋजुतानं थालीपीठ, लोणी, ठेचा असं केलं होतं. "सर, अजून एक घ्या." तिसऱ्या थालीपिठाला मी सही केली. माझी सही म्हणजे साधी गोष्ट नाही. 'दत्ता' येतं पटकन, आडनावाला जीभ बाहेर काढावी लागते. सगळे माना वाकवून बघत होते, जसं मी काही तह करतोय. कागद टेबलावर ठेवला. जेवण झाल्यावर आप्पा शतपावलीला गेले. ऋजुता चहा टाकायला आत गेली.

महाजनांनी मला तिजोरी दाखवली. आतापासूनच आणून कपाटात बसवली होती. एक पिस्तुलाची, एक काडतुसांची. चेहरा असा खुललेला की लग्नातली साडी दाखवतायत. आणि मला काय अवदसा आठवली, मी म्हटलं, "एकदा करून तर बघू. मी चोर."

पिस्तूल म्हणून टीव्हीचा रिमोट घेतला. वरचं लाल बटण म्हणजे चाप, असं ठरलं. काडतुसं म्हणून पेन्सिल सेल. दोन्ही आपापल्या कुलपात ठेवले. मी हॉलमध्ये जाऊन ओरडलो, "आलो बरं का!" महाजन टेबलावरून धावले. पहिल्या तिजोरीचा नंबर चुकला. परत चुकला. दुसरीची किल्ली ऋजुताच्या पर्समध्ये. तोवर मी टीव्हीजवळ पोचलो, सोफ्यावर बसलो, बशीतली शेंगदाण्याची चिक्की खाल्ली आणि जाताना फुलदाणी उचलून घेतली. चोर म्हणून मी या देशात नाव काढलं असतं.

महाजन घामाघूम. मला वाटलं आता हसतील. ते म्हणाले, "नाही सर, असं नाही वर्क होणार. ते लॉक-बिक पोलीस चेक करायला येतील तेवढ्यापुरतं. बाकी वेळ हे इथंच राहील. लोडेड." आणि सेल घातलेला रिमोट कीबोर्डशेजारी ठेवला. "तुम्ही आता बाहेरून बागेकडून या. सांगू नका कधी ते."

तेव्हाच मी तो कागद उचलायला हवा होता. पण खेळाच्या भरात होतो. मी पुढच्या दाराशी बूट घालायला बसलो. या देशात निम्मं आयुष्य बुटांच्या लेसमध्ये जातं. एक बूट झाला, दुसरा हातात, आणि बागेकडच्या दाराची कडी वाजली.

मी तर अजून इथं.

महाजन खुर्चीसकट उठले. दोन्ही हातांत रिमोट, हात सरळ, हेंकनं शिकवल्यासारखे. दार उघडलं. दारात एक माणूस. डोक्याला माकडटोपी, त्याखाली काळा मास्क, हातात लोकरीचे मोजे, काखेत काहीतरी धरलेलं.

"हँड्स अप!" महाजन किंचाळले.

काखेतला फ्लॉवर खाली पडला आणि गडगडत माझ्या बुटापाशी आला. दोन्ही हात वर गेले. मास्कच्या आतून साताऱ्याचा आवाज आला, "जावईबापू, मी आहे. हात वर ठेवू का मास्क काढू? दोन्ही जमायचं नाही."

मी हसायला तोंड उघडलं. तेवढ्यात दाराशेजारी भिंतीवरचा मोठा टीव्ही लागला. त्यात एक बाई केकवर साय फासत होती आणि डचमध्ये फार आनंदानं काहीतरी सांगत होती.

महाजन टीव्हीकडं बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं. तो अजून लाल बटणावर होता, पांढरा पडेपर्यंत दाबलेला. आप्पांचे हात वरच. त्यांनीही एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा जावयाकडं, आणि पुढचा विनोद त्यांनी केला नाही.

ऋजुता चहाचा ट्रे घेऊन आतून आली.

"टीव्ही कुणी लावला आता?"

मी एका पायात बूट घालून टेबलापर्यंत गेलो, माझ्या सहीचा कागद उचलला, घडी घालून खिशात टाकला. महाजनांनी तो मागितला नाही.